उस्तादाचा कान : जुन्या बुलेटच्या इंजिनाचा अलिखित इतिहास

मोटारसायकलींचे इतिहास वाचायला घेतले तर ते कारखान्यांच्या मालकांनी, आराखडे काढणाऱ्या अभियंत्यांनी आणि शर्यती जिंकणाऱ्या स्वारांनी भरलेले दिसतात. त्यांची नावे असायलाच हवीत. पण कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेले यंत्र पुढे तीस, चाळीस, पन्नास वर्षे ज्यांनी चालते ठेवले, त्यांची नोंद या इतिहासात कुठे आहे? रस्त्याकडेच्या टपरीत, पत्र्याच्या शेडमध्ये, काळवंडलेल्या हातांनी ज्यांनी हे काम केले त्यांनी स्वतः काही लिहिले नाही. लिहिणाऱ्यांना त्यांच्याकडे वळावेसे वाटले नाही. आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. म्हणून 'बुलेट' या गाडीच्या जुन्या इंजिनाची कथा आम्ही मिस्त्रीच्या बाजूने मांडत आहोत. हे इंजिन खोलून पुन्हा जोडल्यावर त्यातले दोष कसे ओळखले जातात, ते सुरात कसे आणले जाते, ही विद्या आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि ती आता कुठे चालली आहे, हे पाहावे एवढाच हेतू आहे.

रेडिच ते तिरुवोत्तियूर

इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुया आणि मासेमारीचे गळ बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील एन्फिल्ड सायकल कंपनीने 1901 मध्ये आपली पहिली मोटारसायकल काढली. 'बुलेट' हे नाव 1932 मध्ये आले. मात्र आपण ज्या गाडीला बुलेट म्हणून ओळखतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1949 मध्ये विक्रीस आलेली 350 सीसीची गाडी. एकच उभा सिलिंडर, त्याचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर, म्हणजे एकूण 346 सीसी. ताकद सुमारे 18 अश्वशक्ती.

या इंजिनाच्या स्वभावामागे त्या काळाचा इतिहास आहे. युद्धकाळात इंग्लंडमध्ये सर्व कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून एकाच हलक्या प्रतीचे पेट्रोल विकले जाई आणि ही व्यवस्था 1953 पर्यंत चालली. अशा पेट्रोलवर जास्त दाबाचे इंजिन चालवले तर ते आतून ठोके देते. त्यामुळे बुलेटमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण साडेसहास एक एवढेच ठेवले होते. इंग्लंडच्या टंचाईत ठरलेले हे प्रमाण पुढे आपल्या खेड्यापाड्यांतल्या भेसळीच्या पेट्रोललाही पुरून उरले. लांब धाव, जड फ्लायव्हील आणि कमी दाब यांमुळे गाडी सावकाश चाले, पण चढावर आणि चिखलात दम सोडत नसे.

स्वातंत्र्यानंतर सैन्याला आणि पोलिसांना सीमेवरच्या व खडतर रस्त्यांवरच्या गस्तीसाठी टिकाऊ गाडी हवी होती. त्यासाठी बुलेट निवडली गेली. 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून 'एन्फिल्ड इंडिया' स्थापन केली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून सुटे भाग आणून गाड्या जोडल्या जात, मग हळूहळू ते भाग इथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला आणि 1970 मध्ये इंग्लंडमधले उत्पादनच थांबले. माहेर मोडले, पण सासरी संसार उभा राहिला, असे या गाडीचे झाले. 1977 मध्ये तर इथे बनलेली बुलेट उलट इंग्लंडला विकायला जाऊ लागली.

मिस्त्री आणि शागीर्द

परवान्यांच्या राज्यात नवी गाडी मिळणे सोपे नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून हाती असलेली गाडी टाकून देण्याचा विचार कुणाच्या मनात येत नसे. पिस्टन झिजला की सिलिंडर रिबोअर करायचा, थोडा मोठा पिस्टन बसवायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. सैन्याने आणि पोलिसांनी लिलावात काढलेल्या गाड्यासुद्धा याच रीतीने पुन्हा उभ्या राहिल्या. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि नाना पेठ येथून भाग शोधून आणणे हा या उद्योगाचाच एक भाग होता.

हे काम करणाऱ्याला आपण मिस्त्री म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. त्याच माणसाला त्याचे शिकाऊ उस्ताद म्हणतात, आणि तो शब्द फारसीतून आला. एकाच माणसाच्या या दोन नावांत आपल्या कारागिरीचा बराच इतिहास आहे. समुद्रमार्गे आलेले यंत्र जुन्या उस्ताद-शागीर्द परंपरेच्या हाती पडले आणि त्या परंपरेने ते आपलेसे केले.

कंपनीचे माहितीपुस्तक इंग्रजीत होते आणि त्यातली मापे इंचाच्या हजाराव्या भागात. अनेक मिस्त्रींना ते वाचता येत नव्हते. मग त्या मापांचे त्यांनी आपल्या भाषेत आणि आपल्या वस्तूंत रूपांतर केले. अमुक फट म्हणजे अमुक जाडीचा कागद, अमुक अंतर म्हणजे सुताचा चौथा भाग. शागीर्द पहिली दोन वर्षे रॉकेलमध्ये भाग धुण्याचेच काम करी. त्या धुण्यातूनच त्याला प्रत्येक नटाची जागा, प्रत्येक भागाचे वजन आणि झीज हाताला कळू लागे. उस्तादाने हात पुढे केला की तो काही बोलायच्या आधी नेमका पाना त्या हातात पडला पाहिजे, ही पहिली परीक्षा.

या परंपरेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू लपवू नये. शाळेच्या वयाची मुले बिनपगारी किंवा चहापाण्यावर राबत होती, मार खात होती आणि हुन्नर हाती येईपर्यंत अक्षर मागे पडत होते. 1986 चा बालमजुरीविरोधी कायदा आणि 2016 मधील त्याची दुरुस्ती यांनंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामावर ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. विद्या टिकावी यासाठी मुलाचे बालपण खर्ची घालावे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

जोडलेले इंजिन आणि पहिली किक

इंजिन नव्याने जोडले म्हणजे काम संपले, असे नवख्याला वाटते. उस्तादाचे काम खरे तर तिथून सुरू होते. त्याची पहिली चिंता तेलाची. बुलेटचे तेल इंजिनाच्या तळाशी साठून राहत नाही. ते क्रँककेसमध्येच ओतलेल्या वेगळ्या टाकीत असते. दोन छोटे पंप काम करतात. एक तेल क्रँककडे ढकलतो, दुसरा खाली उतरलेले तेल उचलून परत पाठवतो. जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला गोळ्यांची बेअरिंग नसून फिरता बुश असतो आणि तो तेलाच्या पडद्यावरच जगतो. म्हणून जाणता मिस्त्री फिल्टरची कुपी आधी तेलाने भरून घेतो. इंजिन सुरू होताच डोक्यावरच्या रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करतो. तेथून तेल झिरपले की त्याचा जीव भांड्यात पडतो. झिरपले नाही तर इंजिन ताबडतोब बंद.

दुसरे काम टॅपेटचे. इंजिन पूर्ण थंड हवे आणि पिस्टन दाबाच्या धावेच्या टोकाला हवा. सिलिंडरच्या बाजूचे छोटे झाकण काढले की पुशरॉडची खालची टोके दिसतात. रॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. या मापाला फीलर गेज लागत नाही, बोटच गेज असते. रॉड घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. सैल राहिला तर वरून टिकटिक ऐकू येते. उस्ताद म्हणतात, थोडी टिकटिक चालेल, पण मुके टॅपेट नको. कारण टिकटिकणारे इंजिन आपले दुखणे सांगत असते, आणि घट्ट टॅपेटचे इंजिन निमूटपणे जळत असते.

ठिणगीची वेळ

पेट्रोलच्या मिश्रणाला ठिणगी कधी मिळावी यावर इंजिनाचा सारा स्वभाव ठरतो. जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. या इंजिनात ठिणगी पुढे सरकवणारी वजने मिटलेली असताना पिस्टन माथ्याच्या 0.8 मिलिमीटर खाली असावा, असे माप आहे. इंचात ते एक बत्तीसांश, म्हणजेच सुताचा चौथा भाग.

हे माप गॅरेजमध्ये कसे साधले जाई? प्लग काढून त्या छिद्रातून सायकलचा एक स्पोक आत सोडायचा. किक हळूहळू दाबत गेले की पिस्टनबरोबर स्पोक वर येतो, थांबतो आणि खाली जाऊ लागतो. तो थांबला तिथे माथा. तेथून इंजिन थोडे मागे फिरवून स्पोकवरच्या खुणेने अंतर धरायचे. मग सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या दोन ओठांत धरायचा आणि पॉइंटची पाटी फिरवत जायचे. ज्या क्षणी कागद सुटून येतो त्या क्षणी पॉइंट उघडले, आणि तीच ठिणगीची वेळ. काही जण ॲमीटरचा काटा पाहतात. पॉइंट मिटलेले असताना काटा एका बाजूला झुकतो, उघडताच मध्यावर येतो. पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातली फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावी. ही फट आधी लावायची आणि वेळ मागाहून, कारण फट बदलली की वेळही बदलते.

वेळ चुकली तर गाडी स्वतःच चहाडी करते. ठिणगी फार आधी पडत असेल तर किक उलटून पायावर येते आणि चढावर आतून खडखड ऐकू येते. ठिणगी उशिरा पडत असेल तर गाडी गरम होते, सायलेन्सरचा वाकलेला पाइप निळा पडतो आणि कितीही मूठ पिळली तरी गाडीला ओढ येत नाही.

हवा आणि पेट्रोल

ठिणगी बसल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही, हा या विद्येतला पक्का नियम. अनेक अर्धवट कारागीर आधी स्क्रू फिरवतात आणि ठिणगीचा दोष पेट्रोलच्या माथी मारतात. 350 च्या बुलेटवर पुढील काळात मिककार्ब कंपनीचा 24 मिलिमीटर तोंडाचा कार्ब्युरेटर आला. त्याची रचना समजली की दोष शोधणे सोपे होते. मूठ जेमतेम उघडली असताना पायलट जेट आणि बाजूचा हवेचा स्क्रू यांचे राज्य चालते. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुईची चाल चालते. त्यापुढे मुख्य जेटचे राज्य. म्हणून गाडी कुठे अडखळते यापेक्षा किती मुठीवर अडखळते, हे उस्ताद आधी विचारतो.

हवेचा स्क्रू हळुवार शेवटपर्यंत आवळून दीड फेरा सोडायचा आणि मग गरम इंजिनावर थोडा मागेपुढे करत ठोके सर्वांत मोकळे कुठे पडतात ते ऐकायचे. तबला लावणारा जसा गठ्ठ्यावर हलका ठोका देऊन कान लावतो, तसेच हे काम. स्क्रू आत गेला की पेट्रोलचे प्रमाण वाढते, बाहेर आला की हवेचे. सुईची क्लिप एक खाच खाली बसवली तर सुई उचलली जाते आणि मिश्रण दाट होते.

नव्याने जोडलेल्या इंजिनात एक चोरटा दोष हमखास आढळतो. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मधल्या सांध्यातून हवा आत शिरते. मग गाडी कधी उगाच वेग धरते, कधी बंद पडते, आणि कोणत्याही स्क्रूला दाद देत नाही. सांध्याभोवती पातळ तेलाचे दोन थेंब सोडावेत. ठोके बदलले तर चोर सापडला.

शेवटचा साक्षीदार प्लग. गाडी जोरात चालवून, एकदम बंद करून प्लग काढला की तो खरे सांगतो. विटकरी किंवा कॉफीचा रंग असेल तर सारे ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओली, तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हगाइड यांत खोट. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा ठिणगी फार आधी, आणि मग गाडी तशीच पळवली तर पिस्टन जाम होण्याचा धोका.

नाडीपरीक्षा

गाडी सुरूच होत नसेल तर प्रश्न तीनच : दाब आहे का, ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का? बाकी सारे या तिघांचे नातलग. पण खरी कसोटी लागते ती कधी असणाऱ्या, कधी नसणाऱ्या दोषांत. गाडी थंड असताना उत्तम चालते, दहा-बारा किलोमीटरनंतर बंद पडते, थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते. अशा वेळी उस्ताद आधी टाकीचे झाकण उघडतो. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर आत हवा ओढल्याचा सूं असा आवाज येतो आणि पेट्रोल वाहू लागते. तसे नसेल तर संशय कंडेन्सरवर किंवा इग्निशन कॉइलवर. कारण गरम झाल्यावरच दगा देणे हा त्यांचा जुना स्वभाव. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करताच धुराचा लोट निघाला तर घाबरू नये. टाकीतले तेल हळूहळू क्रँकमध्ये उतरलेले असते आणि काही मिनिटांत धूर ओसरतो. ओसरला नाही तर मात्र रिंगांकडे पाहावे.

आणि मग सबुरी. नवा पिस्टन आणि नवा बोअर एकमेकांशी जुळायला वेळ मागतात. पहिले पाचशे किलोमीटर ताशी 40 च्या पुढे जाऊ नये, मूठ एकसारखी धरून ठेवू नये, मध्ये थांबून इंजिन निवू द्यावे आणि तेल लवकर बदलावे. चांगले जोडलेले कितीतरी इंजिन मालकाच्या घाईने जाम झाले आणि बोल मात्र मिस्त्रीला लागला.

पेट्रोल बदलले, काळ बदलला

1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. हवेसाठी आणि मुलांच्या आरोग्यासाठी हा निर्णय चांगला झाला. पण जुन्या व्हॉल्व्हसीटवर शिशाचा जो पातळ लेप बसे तो गेला, आणि मिस्त्रींना कठीण धातूच्या सीट बसवणे शिकावे लागले. 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. ते पाणी शोषते आणि जुने रबर फुगवते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर त्यामुळे खराब होतो. ज्यांनी प्लगचा रंग वाचायची विद्या जपली त्यांनी मुख्य जेट एक माप मोठे करून पाहिले, रबराच्या नळ्या बदलल्या, गाडी ठेवताना कार्ब्युरेटर रिकामा करायला सांगितले. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हे उत्तर नव्हते. ते कारागिराच्या अनुभवातून आले.

एन्फिल्ड इंडिया 1994 मध्ये आयशर समूहात विलीन झाली आणि 'रॉयल एन्फिल्ड' हे नाव परतले. 2008 पासून नव्या रचनेची इंजिने येऊ लागली आणि 2010 च्या सुमारास आपल्याकडील जुन्या लोखंडी इंजिनाचे उत्पादन थांबले. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले. आजच्या गाडीत पॉइंट नाहीत, कार्ब्युरेटर नाही. दोष शोधायला यंत्राला यंत्र जोडावे लागते. यात वाईट काही नाही. धूर कमी झाला, गाडी बटणावर सुरू होते. पण जो मिस्त्री चाळीस वर्षे कानाने इंजिन ओळखत होता, त्याच्यासमोर नवी गाडी आली की तो एकाएकी अशिक्षित ठरतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते.

नोंद कोण ठेवणार?

सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेल्या हुन्नराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मिस्त्रींनी ती वापरावी, आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत. शागीर्दांनी आधी शाळा आणि मग आयटीआय या वाटेने यावे, आणि आयटीआयने गावातल्या उस्तादाला वर्गात बोलवावे. हुन्नर आणि अक्षर यांची फारकत आपल्या घराघरांना फार महाग पडली आहे.

आणखी एक काम मात्र सरकारवर सोपवता येणार नाही. ही विद्या मराठीत लिहून ठेवली पाहिजे. कोणत्या आवाजाचा काय अर्थ, कोणत्या दोषाला कोणती युक्ती, ती कोणी कोणाकडून शिकली, कोणत्या साली, कोणत्या गल्लीत, हे सगळे वहीत उतरले पाहिजे. बादशहांच्या वंशावळी आपण पाठ करतो. पण कोणत्या उस्तादाच्या हाताखाली कोण तयार झाले, ही वंशावळ त्या उस्तादाबरोबर मातीआड जाते. ज्यांचे आजोबा, वडील, चुलते या कामात आयुष्यभर राबले, त्यांची शिकलेली नातवंडे आज आपल्या वाचकांत आहेत. त्यांनी एक वही घेऊन त्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसावे.

आपल्या तालुक्याच्या गावी एखादी 1960 किंवा 1970 सालची बुलेट आजही दुसऱ्या किकला सुरू होत असेल, तर तिच्या टाकीवर कंपनीचे नाव सापडेल. तिला आजवर चालती ठेवणाऱ्याचे नाव मात्र मालकाला विचारावे लागेल. ते विचारावे, आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावे.